सावकाश घ्या, मामा

आमच्या गाडीत दोन साहेब मावत नाहीत, हे मी अपेक्षाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गाडी म्हणजे रुग्णवाहिका. उंब्रजला महामार्गाच्या कडेला एका ट्रस्टची ही गाडी उभी असते आणि ती चालवतो मी, लालासाहेब. उंब्रजात लाला ड्रायव्हर म्हटलं की शेंबडं पोरही माझं घर दाखवतं. फौजेत असताना मी लडाखच्या घाटांत ट्रक चालवलेत. पेन्शनीवर आल्यावर कुणी मला गाडी कशी चालवायची ते शिकवावं, हे माझ्या डोक्यात बसणारं नव्हतं. आणि शिकवायला आली कोण, तर वडूजकडच्या एका वाडीवरची, मेंढरांमागं वाढलेली, माझ्या खांद्यालाही न लागणारी एक पोर.

"मामा," ती म्हणाली, "साहेब कुणीबी ऱ्हावा. पण पेशंट आत असला, की गाडी कशी न्यायची ते मी सांगणार."

"आणि मी न्हाई ऐकलं तर?"

"मग परत सांगीन."

अपेक्षा ही अशी. परत सांगणारी. आवाज चढवायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही, तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा. भांडायची हौस असलेल्या माणसाची याच्याएवढी अडचण कशानंच होत नाही. माझी बायको राणी म्हणते, तुम्हाला आयुष्यात असंच कुणीतरी भेटायला पाहिजे होतं, उशीर झाला एवढंच.

बारावीनंतर सांगलीत तिनं पॅरामेडिकचा कोर्स केला. अंगावर युनिफॉर्म, पायात एक नंबर मोठे बूट, आणि खिशात कात्री, हातमोजे आणि भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्यांची फोलपटं मी रोज गाडीतून झाडतो आणि रोज बोलतो. तिच्या आप्पांनी, म्हणजे धुळाआप्पांनी, दिलेलं एक काळं घोंगडं ती गाडीत घडी घालून ठेवते. स्वच्छ धुतलेल्या चादरी असताना हे कशाला, म्हणून मी चिडलो होतो. "चादरीनं अंग झाकतं मामा, ऊब घोंगड्याची," असं म्हणून तिनं ते परत जागेवर ठेवलं.

ती यायच्या आधी आमच्या गाडीचं काम सोपं होतं. उचला आणि पळवा. मागं बसणारा माणूस सलाईनची बाटली धरायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. जे काही करायचं ते दवाखान्यात डॉक्टर करणार. हे सगळं बदललं ते आमच्या ट्रस्टच्या डॉक्टर शिवांजली मॅडमनी. त्यांनी एकदा आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, "अपघात होतो तिथं मी नसते. तिथं अपेक्षा असते. तेव्हा तिथला निर्णय तिचा. मला फोन करा, पण माझी वाट बघत हातावर हात ठेवून बसू नका." मी त्या बैठकीत तेच करत होतो, हातावर हात ठेवून बसलो होतो. ही पोर निर्णय घेणार आणि मी ऐकणार, एवढंच मला ऐकू आलं होतं.

लवकरच एक टेम्पो उलटला, आमच्याच पुलाखाली. एका बाप्याचा हात मोडला होता आणि तो असा ओरडत होता की वाटावं कराडपर्यंत ऐकू जाईल. माणसं त्यालाच उचलून गाडीत घालायला निघाली. अपेक्षा त्याला ओलांडून पुढं गेली, कडेला गप पडलेल्या म्हाताऱ्याकडं. लोक खवळले. ती खालमानेनं काम करत म्हणाली, "वरडतोय त्याचा श्वास चाललाय. ह्यो वरडत न्हाई." म्हातारा वाचला. हात मोडलेला बाप्याही वाचला, पण तो अजून आमच्याशी बोलत नाही.

पण तिच्या कामाची खरी खूण मला पटली ती अपघातात नाही, मेंढरांत. एका दुपारी रिकामी गाडी घेऊन पुसेसावळीकडून येत होतो. रस्त्यावर मेंढरांचा भलामोठा कळप. मी हॉर्न वाजवला. मेंढरं बिचकली आणि अजून पसरली. मी आणखी वाजवला. अपेक्षा म्हणाली, "मामा, हात काढा," आणि खाली उतरली. मेंढरांकडं तिनं बघितलंही नाही. पुढं एक दांडगं बोकड चाललं होतं. त्याच्या कानाला धरलं, तोंड बांधाकडं वळवलं, पाठीवर थाप मारली. बोकड बांधावर चढलं आणि सगळा कळप त्याच्यामागं चढला. रस्ता मोकळा.

"कळपाशी बोलायचं न्हाई मामा," गाडीत बसत ती म्हणाली. "म्होरक्याशी बोलायचं. कोर्सात बी ह्येच शिकिवलं, गर्दीत एकाला धरा म्हणून. मी म्हणलं, ह्ये तर आमच्या आप्पाला ठावंच हाय." आणि शेंगदाणे खायला लागली.

आता माझ्या पोराबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पृथ्वीराज, माझा एकुलता एक. फौजेत जायच्या आधी मीही लाल मातीत लोळलो होतो. नोकरीमुळं ते राहिलं आणि राहिलेलं सगळं मी पोरात बघत होतो. विटा आणि तासगावच्या मधल्या एका गावात दादासो वस्तादांची तालीम आहे. तिथं तो पाच-सहा वर्षं राहिला. दादासो म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. त्यांनी नुसतं खाकरलं तरी पैलवान सरळ उभे राहतात. निखळलेला खांदा, सरकलेला गुडघा, आखडलेली मान, सगळं ते हातानं बसवतात. कित्येकांना त्यांच्या हाताचा गुण आला आहे. मलाही आला आहे.

त्याच गावच्या जत्रेचं कुस्ती मैदान होतं आणि पृथ्वीराजची कुस्ती शेवटच्या जोड्यांत. मैदानावर रुग्णवाहिका उभी करायची असते. ट्रस्टमध्ये मी असं काही जमवलं की आमचीच गाडी तिकडं गेली. ड्यूटीची ड्यूटी आणि कुस्तीची कुस्ती.

मैदान गच्च भरलं होतं. हलगी कडाडत होती. हळद, ताक, लिंबू घालून मळलेल्या मातीचा वास येत होता. तो वास आला की मी अजून विशीचा होतो. अपेक्षा मात्र गाडीचं मागचं दार उघडं ठेवून बसली होती आणि कुस्त्या न बघता पैलवान पडतात कसे ते बघत होती.

पृथ्वीराजची कुस्ती रंगली. समोरच्यानं ढाकेचा डाव टाकला. पोरानं तोड काढायचा प्रयत्न केला आणि दोघं हवेत उचलले गेले ते एकदमच खाली आले. पृथ्वीराज डोक्यावर पडला आणि दुसऱ्याचं सगळं वजन त्याच्या मानेवर आलं. समोरचा उठला. माझं पोरगं उठलं नाही. हलगी जरा वेळ वाजतच राहिली, मग थांबली.

पुढची दहा-पंधरा माणसं मातीत धावली. वस्ताद त्यांच्या पुढं. आमच्याकडं मैदानात कुणाची मान आखडली की वस्ताद डोकं मांडीत घेतात, एक झटका देतात, कट्ट वाजतं आणि पैलवान उठून बसतो. लहानपणापासून आम्ही हेच बघितलंय. मी कठड्यावरून ओरडलो, "वस्ताद, मान बसवा!" माझ्याबरोबर अर्धं मैदान तेच ओरडत होतं.

अपेक्षा माझ्या अंगावरून पळत गेली. मातीच्या कडेला थांबली, बूट पायातून झटकून टाकले. लाल मातीत पायताण घालून कुणी जात नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं सकाळपासून बघितलं होतं. मातीला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेली. त्या एका गोष्टीमुळं जी चार तोंडं "ही बाई कुठं चालली" म्हणायला उघडली होती, ती मिटली.

वस्ताद गुडघ्यावर बसले होते. हात पोराच्या हनुवटीकडं गेलेच होते.

"वस्ताद, थांबा."

"पोरी, बाजूला हो. असल्या माना मी लय बसवल्यात."

"म्हाईत हाय. म्हणून तर तुमचंच हात पायजेत." तिनं त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि पंजे पोराच्या दोन्ही कानांवर ठेवले. "असं धरा. आवळायचं न्हाई, फिरवायचं न्हाई, सोडायचं न्हाई. माझा हात थरथरंल, तुमचा थरथरायचा न्हाई. मी सांगीपातूर तुमी डोंगरागत बसा."

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. हुकूम द्यायची सवय असलेला माणूस, हुकूम घेताना त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी श्वास सोडला, बैठक नीट केली आणि डोकं धरून बसले. "माघारी व्हा रं सगळी!" त्यांनीच गर्जना केली. सगळं मैदान मागं सरकलं. मला ते बोकड आठवलं. हे मी वस्तादांना अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

मी तेवढ्यात मातीत पोचलो होतो. अपेक्षा पोराशी बोलत होती. "पृथ्वीराज, मान हालवू नगं. आभाळाकडं बघ. हाताची बोटं हालव." बोटं जरा हलली. तिनं त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा घेतला. "ह्ये कळतंय?"

"काय?" पोरानं विचारलं. मग आभाळाकडंच बघत म्हणाला, "ताई, पाय हायत न्हवं मला?"

मी त्याच्यावर ओणवा होणार एवढ्यात अपेक्षा म्हणाली, "मामा, गाडी. मातीच्या कडंला, मागलं दार हिकडं करून."

"माझं पोरगं हाय ते!"

"पोरगं माझ्याकडं हाय. गाडी तुमच्याकडं."

मी उभाच. तिनं मान वर न करता, त्याच सुरात परत सांगितलं, "मामा, गाडी."

मी गेलो. पाय कसे चालले मला माहीत नाही, पण गेलो.

चार पैलवानांना तिनं जागा वाटून दिल्या, तू खांदा, तू कंबर, तू मांडी, तू पाय. मानेला पट्टा बांधला. "वस्ताद तीन म्हणतील, तवा एकदम वळवायचं," असं सांगून मोजायचं कामही तिनं त्यांनाच दिलं. पोरगं एका लाकडाच्या ओंडक्यासारखं, कुठंही न मुरगळता, फळीवर आलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावून पट्टे आवळले. फळी गाडीत चढली, डोकं धरलेले वस्तादही तिच्याबरोबर चढले. ऑक्सिजन लावून तिनं फोन स्पीकरवर टाकला. "मॅडम, मानेचा मणका वाटतोय. शुद्धीत हाय, श्वास बरा चाललाय, पायात जाणीव न्हाई. वाटेतल्या दवाखान्यात न थांबता थेट सांगलीला घेतीय, मणक्याचं ऑपरेशन होतंय तिथं."

"बरोबर आहे," शिवांजली मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना तयार ठेवते. वाटेत काही बदललं तर तूच ठरव."

मी पहिला गिअर टाकला. मला एकच गोष्ट येते, गाडी पळवणं. ती मी आता माझ्या पोरासाठी करणार होतो. सायरन लावला आणि पाय दाबला.

"सावकाश घ्या, मामा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हिसका बसला न पायजे. खड्डा दिसला की आदी सांगा, मग घाला. श्वास चांगला हाय, पळवायचं कारण न्हाई. सावकाश."

तो रस्ता मी कसा काढला ते मला विचारू नका. दोन्हीकडं द्राक्षाच्या बागा, मध्ये ठिगळं लावलेलं डांबर. सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. "खड्डा," मी म्हणायचो. "घ्या," ती म्हणायची. पाठीमागं गावातल्या पोरांनी भरलेली एक जीप सारखा हॉर्न वाजवत होती, की हा लाला झोपला की काय. आत पोराला हुडहुडी भरली तेव्हा अपेक्षानं ते घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. पट्टे लागले होते, ठोकळे लागले होते, तरी वस्ताद डोक्याशी गुडघ्यावर बसून पंजे लावूनच होते. "आता सोडलं तरी चालंल," ती म्हणाली. ते म्हणाले, "तू सांगीपातूर म्हणली व्हतीस. आता मीच सोडत न्हाई."

"हालतायत का गं पाय?" मी आरशातून विचारलं.

"रस्ता बगा, मामा."

तासगावात त्या जीपनं पुढं येऊन आमची वाट अडवली. पोरं खाली उतरली. "आवं, हितं दवाखाना हाय की! सांगली कशाला? पोरगं मरंल तंवर!" एकानं माझ्या दाराला हात घातला. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही थांबावंसं वाटलं. समोर दवाखान्याची पाटी, पांढरे कपडे, माणसं. जवळचं ते बरं, हे बापाला कुणी शिकवावं लागत नाही. मी आरशात बघितलं. अपेक्षानं पोराच्या नाडीवरची बोटं काढली नव्हती.

"मामा, सांगली," ती म्हणाली.

फौजेत मी ज्या शिव्या शिकलो त्या इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या मी त्या पोरांवर एकदम खर्च केल्या. जीप बाजूला झाली.

परत विचारलं, हालतायत का. परत तेच, रस्ता बघा.

सांगलीच्या त्या दवाखान्यात दारातच माणसं उभी होती. अपेक्षानं चालता चालता त्यांना सगळं सांगितलं, कसा पडला, काय हललं, काय नाही, वाटेत काय केलं. मोठे डॉक्टर मान डोलावत ऐकत होते आणि मध्ये एकदाही तोडत नव्हते. मी मागून चालत होतो. फरशी पांढरी होती आणि त्या फरशीवर लाल मातीची पावलं उमटत होती. अपेक्षा अनवाणी होती.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, मज्जारज्जू दबला होता, तुटलेला नाही, आशा आहे. मग म्हणाले, "त्या मानेला एक जरी झटका बसला असता तर..." वस्ताद माझ्या शेजारी उभे होते. ते कितीतरी वेळ स्वतःच्या पंजांकडं बघत राहिले. मग भिंतीशी खाली बसले आणि एवढा पहाडासारखा माणूस हमसून रडला. मीही रडलो. राणी दोघांनाही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आता प्या, आणि गप ऱ्हावा."

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी पृथ्वीराजच्या डाव्या पायाचा अंगठा हलला. राणीनं मला फोन केला तेव्हा मी महामार्गावर होतो. गाडी कडेला घेतली. अपेक्षानं विचारलं काय झालं, आणि मी माझ्या हाताचा अंगठा हलवून दाखवला. ती गाडीतून उतरली, उसाच्या बांधावर जाऊन पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. शेंगदाण्याचं फोलपट गेलं डोळ्यांत, म्हणाली. दोन्ही डोळ्यांत.

पोरगं आता चालतं. हळू, काठी घेऊन, पण चालतं. कुस्ती संपली. त्यानं लंगोट स्वतः धुऊन, घडी करून वस्तादांच्या पायाशी ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही आणि मीही नाही. वस्तादांनी मात्र तालमीत एक नवीन गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातून एकदा अपेक्षा तिथं जाते आणि सगळ्या पोरांना पडलेल्या पैलवानाला कसं धरायचं ते शिकवते. डोकं धरायला पहिले बसतात ते वस्तादच.

पोरगं चालत घरी आलं त्याच्या पुढच्या रविवारी राणीनं जेवण केलं. आमची ड्यूटी होती, म्हणून गाडी अंगणातच उभी केली. वडूजकडून धुळाआप्पा आले होते. राणीनं पृथ्वीराजला उभं करून ओवाळलं आणि मग अपेक्षालाही त्याच्याशेजारी ओढून ओवाळलं. अपेक्षा लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदा बघितलं. धुळाआप्पा फेट्याच्या टोकानं तोंड पुसत राहिले.

हात धुताना मी तिला गाठलं. "आता खरं सांग. गाडीत मी इचारत हुतो तवा हालत व्हते का पाय?"

"न्हाई मामा," ती म्हणाली. "सांगली येस्तवर न्हाई हालले. हालतायत म्हणलं असतं तर खोटं झालं असतं. न्हाई म्हणलं असतं, तर तुमी गाडी पळवली असती."

"आणि तू? तुला काय वाटत हुतं?"

"माझी बुटं मैदानात ऱ्हायली, ह्ये मला रातच्याला कळलं. पोळलेलं पाय आग कराय लागलं, तवा." ते बूट वस्तादांनी नंतर स्वतः पुसून, पॉलिश करून पाठवले होते. तेच तिच्या पायात होते.

मला माझ्या पोटची पोरगी नाही. असती तर अशी असावी, असं मी तिला म्हणणारच होतो, तेवढ्यात फोन वाजला. महामार्गावर मोटारसायकल आणि ट्रक, एकजण बेशुद्ध. अपेक्षाच्या तोंडावरचं हसू गेलं आणि ती तिथंच दुसरी झाली. "मामा, गाडी."

मी स्टेअरिंगवर बसलो. फाटक बंद होतं. मी खाली उतरायला दार उघडलं, तर पृथ्वीराज ओट्यावरून उठला होता. काठी भिंतीला टेकवून तो निघाला. एक पाऊल, मग दुसरं. माझा हात हॉर्नवर होता, तो मी काढून घेतला. पोरगं फाटकापर्यंत गेलं, कडी काढली, फाटक लोटलं आणि त्यालाच धरून बाजूला उभं राहिलं.

फौजेतून आल्यापासून मी कुणाला म्हटलं नव्हतं ते माझ्या तोंडातून गेलं. "साहेब," मी विचारलं, "सावकाश घिऊ का पळवू?"

"पळवा, मामा," अपेक्षा म्हणाली. "आज पळवा."